कमी लाकडात, कमी धुरात: घरची चूल वापरायला शिकताना

काकीने जळणाच्या ढिगातली दोन फाटी उचलली, कानाजवळ नेली आणि एकमेकांवर आपटली. खण् असा आवाज आला. ती तिने उजवीकडे ठेवली. दुसरी दोन उचलली, ती भद् वाजली. ती डावीकडे. "ही अजून मुकी आहेत," ती म्हणाली, "बोलायला लागली की चुलीत घाल."

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं गावचं घर बरीच वर्षं बंद होतं. ते उघडून तिथे राहायला लागलो तेव्हा चूल कशी पेटवायची हे मला येत नव्हतं. पहिला महिना डोळे चोळण्यात गेला. कोकणात, देशावर, विदर्भात अशी घरं पुन्हा उघडणारे, शेतावर राहायला जाणारे आता पुष्कळ भेटतात, आणि सगळ्यांची पहिली तक्रार एकच असते: धूर. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. चूल कितीही नीट पेटवली तरी ती गॅसइतकी स्वच्छ होत नाही. घरात तान्हं मूल असेल, गरोदर बाई असेल, कुणाला दमा असेल, तर रोजचा आतला स्वयंपाक गॅसवरच करा. दोन कप चहासाठी चूल पेटवू नका. चूल खरी उपयोगी पडते ती आंघोळीच्या पाण्याला, उकड्या तांदळाच्या भाताला, कडधान्याला, दहा-पंधरा माणसांच्या जेवणाला, आणि सिलिंडर संपला नि दुसरा चार दिवसांनी येणार असेल तेव्हा.

आधी धूर समजून घ्या

लाकूड तापलं की पहिल्यांदा त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. आणखी तापलं की लाकडातून जळाऊ वायू बाहेर पडायला लागतात. आपल्याला दिसणारा जाळ या वायूंचा असतो. सुक्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग असा वायू होऊन जळतो, उरतो तो कोळसा. या वायूंना पुरेशी धग आणि पुरेशी हवा मिळाली तर ते जळून जातात. यातलं एक जरी कमी पडलं तर तेच वायू धूर होऊन भिंतीवर, भांड्यावर आणि छातीत जाऊन बसतात.

म्हणजे धूर हे न जळलेलं लाकूड आहे. धूर कमी करायचे उपाय वेगळे आणि लाकूड वाचवायचे वेगळे, असं काही नसतं. खाली जे जे सांगितलंय त्याने दोन्ही एकदमच होतं.

माझ्या आईने आयुष्यात विडी-सिगारेट ओढली नाही. तरी तिच्या छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो चुलीचा. तीस वर्षं ती बिनधुराड्याच्या चुलीपुढे बसली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. हे आकडे मी आईच्या खोकल्यानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

लाकूड: चुलीच्या आधी सहा महिने

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथेच जास्त थांबतो.

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. शंभर किलो ओलं लाकूड विकत घेतलंत तर त्यातल्या जवळजवळ पन्नास किलोंना तुम्ही पाण्याचे पैसे मोजलेत. एक किलो ओल्या लाकडातलं अर्धा लिटर पाणी उडवायला साधारण ३०० किलोकॅलरी लागतात, आणि त्यातल्या अर्ध्या किलो सुक्या लाकडातून मिळतात जेमतेम सव्वादोन हजार. म्हणजे सातवा हिस्सा नुसता पाणी उडवण्यात गेला. पण खरं नुकसान याहून मोठं आहे. त्या वाफेने जाळ गार पडतो, गार जाळात वायू जळत नाहीत, आणि मग घरभर धूर होतो.

चांगल्या सुक्या जळणात पाणी १५ ते २० टक्के राहिलेलं असतं. ते ओळखायची काकीची पद्धत वर सांगितलीच. बाकीच्या खुणा अशा: टोकाला मध्यापासून कडेकडे चिरा गेलेल्या दिसतात, साल बोटाने सुटते, आणि हातात घेतल्यावर वाटलं होतं त्यापेक्षा हलकं लागतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर आणखी सोपं. नुकत्याच फोडलेल्या लाकडाचा एक किलोचा तुकडा घ्या, त्यावर खडूने तारीख लिहा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करा. लाकूड अगदी ताजं असेल आणि वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास उतरलं, तर तो ढीग वापरायला झाला. लाकूड आधीच थोडं सुकलेलं असेल तर हा आकडा लागू पडत नाही. तेव्हा वजन उतरायचं थांबलं का एवढंच बघा.

दिवाळीनंतर लाकूड जमवायला घ्या आणि फोडूनच ठेवा. ओंडका तसाच पडला तर साल आतलं पाणी धरून ठेवते आणि उन्हाळा उलटून जातो. हातभर लांबी पुरे. जाडी बहुतेकांची अंगठ्याएवढी, थोड्यांची मनगटाएवढी. त्याहून जाड चुलीत घालू नका. फाल्गुन-चैत्राचं कडक ऊन या ढिगाला मिळालंच पाहिजे. आमच्याकडे पावसाळ्याआधीच्या बेगमीला आगोटीची तयारी म्हणतात, त्यात मीठ, मिरची, सुकी मासळी यांच्याबरोबर जळणही येतं, आणि मिरगाच्या आत ते छपराखाली गेलेलं असतं.

रचताना खाली जांभ्याचे चिरे किंवा दोन वासे टाका, जमिनीला लाकूड लागू देऊ नका. वर छप्पर हवं, बाजू उघड्या हव्यात. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळलेला ढीग आतून घामेजतो आणि बुरशी धरतो. पहिल्या वर्षी माझा अर्धा ढीग असाच गेला. आणखी एक सांगतो: पावसाळ्यात या ढिगात विंचू आणि जनावर, म्हणजे साप, दोन्ही असतात. अंधारात हात घालू नका. आधी काठीने हलवा, मग वरून एकेक उचला.

भर पावसात सुकं लाकूडही दमट होतं. दुसऱ्या दिवशी लागणारी दोन-तीन जुड्या लाकडं आदल्या संध्याकाळी चुलीजवळ आणून ठेवावीत. जवळ म्हणजे तीन हात लांब. चुलीच्या तोंडाशी, ठिणगी उडेल तिथे ठेवू नका.

कुठलं लाकूड चांगलं, हे बरेच जण विचारतात. किलोला किलो मोजलं तर निरनिराळ्या सुक्या लाकडांची धग फारशी वेगळी नसते. फरक घट्टपणाचा आहे. ऐन, किंजळ, बाभूळ, सुरू ही जड लाकडं सावकाश जळतात आणि निखारा टिकवतात. सावर, पांगारा भुरकन पेटतात आणि संपतात. ते पेटवणाला चांगले. बांधावर गिरिपुष्प लावलं तर दरवर्षी छाटून फांद्या मिळतात, झाड मरत नाही. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या काड्या, हेच जळण असतं. ते हलकं, म्हणून सारखं पुढे सारत बसावं लागतं, पण सुकं असेल तर जाळ स्वच्छ. गोवरी निखाऱ्याला चांगली, पण धूर लाकडापेक्षा जास्त करते. ती अंगणातच बरी. नारळाच्या बागा असलेल्यांना सोडणं (नारळावरची जाड सालं), करवंट्या आणि झावळ्या फुकट मिळतात, मात्र सोडणं दोन पावसाळे बाहेर पडलेली असतील तर ती आधी उन्हात घालावी लागतात.

अनेक जातींचं उभं झाड तोडायला परवानगी लागते, हे लक्षात असू द्या. घरापुरतं जळण छाटणीतून आणि पडलेल्या फांद्यांतून निघतं.

काय जाळू नये याची यादी छोटी आहे, पण ती पक्की पाळा. कण्हेर, शेर आणि बिबा यांचं लाकूड नको, त्यांचा धूर अंगाला आणि डोळ्यांना बाधतो. काजूची टरफलं नकोत, त्यांतलं तेल तिखट असतं, धूर घशाला चरचरतो. रंग दिलेली दारं-खिडक्या, प्लायवूडचे तुकडे नकोत. आणि दुधाची पिशवी नको. घरोघरी चूल पेटवायला पिशवीचा तुकडा किंवा सायकलच्या ट्यूबची चकती वापरतात, कारण ती पटकन धरते. तो काळा, चिकट धूर तुमच्या समोरच्या भाकरीवर उतरतो. रॉकेलही ओतू नका. सुकं पेटवण असेल तर यातल्या कशाचीच गरज पडत नाही.

चूल कशी असावी

नवी चूल घालून घेणार असाल तर चार गोष्टी बघा.

पहिली, तोंड लहान हवं. चार बोटं उंच, वीतभर रुंद पुरतं. मोठं तोंड असलं की माणूस मोठी लाकडं कोंबतो, आणि गार हवा आत शिरून जाळ थंड करते.

दुसरी, लाकडाखाली जाळी. लोखंडी बारची साधी जाळी लोहाराकडून करून घ्या आणि तळापासून दोन बोटं उंच बसवा. लाकूड जमिनीवर राखेत पडून जळतं तेव्हा त्याला खालून हवा मिळत नाही. जाळीवर ठेवलं की हवा खालून येते, राख खाली पडते. जुन्या चुलीतही ही जाळी नुसती ठेवता येते. एवढ्याशा बदलाने फुंकणीचं काम निम्म्यावर येतं.

तिसरी, भांडं आणि चुलीच्या काठामधली फट. भांडं टेकायला जे तीन उंचवटे असतात ते बोटभर उंचीचे ठेवा. फार उंच असले तर सगळी धग बाजूने निघून जाते. अजिबात नसले तर जाळ कोंडतो आणि तोंडातून परत बाहेर येतो. धुराडं असेल तर हे गणित उलटं होतं. तिथे भांडं काठावर घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे धूर धुराड्याकडे ओढला जातो.

चौथी, धुराडं. घरगुती चुलीला चार इंची नळ पुरतो. तो सरळ वर जाऊ द्या, आडवा फिरवू नका. कौलांच्या वर निदान दोन फूट काढा, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. वर टोपी बसवा, पावसासाठी. सिमेंटचा जुना पत्र्यासारखा नळ पडलेला असेल तर तो कापून वापरू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. नळ जिथे छपरातून जातो तिथे लाकडी वासा, गवत, झापं यांपासून लांब ठेवा.

धुराड्याची चूल आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून मगन चूल तयार झाली, ती याच विचाराची. पुढे केंद्र सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ मध्ये बंद झाला. तोवर तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या होत्या. त्यातल्या कितीतरी काही वर्षांतच मोडीत निघाल्या. आमच्या वाडीतही अशी एक होती. तिचं धुराडं काजळीने भरलं, साफ करायचं कुणी शिकवलं नव्हतं, मग कुणीतरी भोक बुजवून तिची साधी चूल केली. म्हणून धुराडं बसवणार असाल तर ते साफ कसं करायचं हे त्याच दिवशी ठरवा, पुढे सांगतोच.

बाजारात तयार पोर्टेबल चुलीही मिळतात. घेताना भारतीय मानक ब्यूरोचं मानक आयएस १३१५२ विचारा. त्यानुसार साध्या चुलीने लाकडातली निदान २५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे आणि पंखा असलेल्या चुलीने ३५ टक्के. तीन दगडांच्या चुलीत हा आकडा दहा ते पंधराच्या आसपास राहतो.

धुराडं शक्यच नसेल तर चूल भिंतीला लावून, वरच्या झरोक्याखाली घ्या. समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवा आणि वारा तुमच्या पाठीकडून चुलीकडे जाईल असं बसा. कौलांच्या शेवटच्या ओळीखाली फट ठेवली तरी धूर बराच निघून जातो.

पेटवताना

कालची राख काढा, जाळीखालची जागा मोकळी करा. जाळीवर दोन-तीन बोटभर जाडीची लाकडं थोडं अंतर ठेवून आडवी टाका. त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या उलट दिशेने. सगळ्यात वर नारळाच्या सोडणाचे पिंजलेले धागे, मूठभर सुका पातेरा (पाचोळा) किंवा उभं चिरलेलं चिपाड. काडी या वरच्या थराला लावा.

नवशिक्याला हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण जाळ वर असला की खालच्या लाकडातून निघणारा धूर त्या जाळातूनच जातो आणि जळतो. खालून पेटवलं की वरची गार लाकडं धुमसत राहतात.

धुराड्याची चूल सकाळी गार असते, त्यामुळे पहिला धूर तोंडाशी येतो. आधी धुराड्याच्या बुडाशी मूठभर पातेरा पेटवून नळ तापवा, मग चूल पेटवा. या चुलीवर भांडं सुरुवातीलाच ठेवा, नाहीतर धूर भोकातून घरात येतो. साध्या चुलीत मात्र दोन-तीन मिनिटं जाळ मोकळा धरू द्या आणि मग भांडं ठेवा. गार टोपाचं बूड लगेच लागलं की कोवळा जाळ विझायला बघतो.

जाळ राखताना

इथे हाताला वळण लागायला आठवडाभर तरी लागतो. नियम एकच: लाकडाचं टोक जळतं, ते जळलं की दोन बोटं पुढे सारायचं. एका वेळी दोन-तीन फाटी, त्यांच्यात बोटभर फट. पाच फाटी एकदम आत ढोसली की पाचही एकदम वायू सोडतात, तेवढी हवा चुलीत नसते, आणि धूर होतो. फाटी एकमेकांपासून फार लांब गेली तरी विझतात. ती एकमेकांच्या धगीवर जळतात.

जाळाकडे बघत राहा. पिवळा, चपळ, टोकाला धूर नसलेला जाळ ठीक. लालसर, आळशी, टोकाला काळी शेपटी असलेला जाळ हवा मागतोय. एक फाटं मागे ओढा. लाकडाच्या मागच्या टोकाला फेस आणि सूंऽऽ असा आवाज येत असेल तर ते लाकूड ओलं आहे, बाहेर काढा आणि ढिगात परत ठेवा.

फुंकणी हाताशी ठेवा, पण सारखी फुंकावी लागत असेल तर चूल काहीतरी सांगतेय: लाकूड ओलं आहे, राख साचली आहे, किंवा फाटी जास्त झाली आहेत. फुंकायचं ते निखाऱ्याच्या बुडाशी, लांब आणि हळू. जाळावर फुंकलं तर राख उडून आमटीत पडते. आणि श्वास घेताना तोंड बाजूला वळवा. हे लहान वाटतं, पण नवीन माणूस फुंकणीतूनच श्वास ओढतो.

पदर, ओढणी, सैल बाह्या खोचून घ्या. नायलॉनचे कपडे घालून चुलीपुढे बसू नका, ते वितळून कातडीला चिकटतात. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका.

भांडं आणि झाकण

जाळ कितीही मोठा केला तरी उकळतं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. एकदा उकळी आली की मोठा जाळ फक्त वाफ काढतो, अन्न लवकर शिजत नाही. म्हणून उकळी येईपर्यंत जाळ, त्यानंतर एक फाटं आणि निखारे. आणि झाकण नेहमी.

बूड रुंद असलेलं भांडं घ्या. बाहेरून, बुडाला ओल्या राखेचा किंवा मातीचा पातळ लेप द्या. काजळी त्यावर बसते आणि घासताना लेपाबरोबर निघून जाते. काजळीचा जाड थर धग अडवतो, म्हणून आठवड्यातून एकदा तो खरवडायचा. नंतर राहणारा नुसता काळेपणा राहू द्या, भांडं चकचकीत करत बसायची गरज नाही.

कुळीथ, वाल, पावटा रात्री भिजत घाला. उकडा तांदूळसुद्धा दोन-तीन तास भिजवला तर शिजायला बराच कमी वेळ घेतो. प्रेशर कुकर चुलीवर चालतो. जाळ मुठीकडे जाणार नाही असा ठेवा, आणि पहिली शिटी झाली की लाकडं मागे ओढून निखाऱ्यावर ठेवा.

चुलीला वैल, म्हणजे शेजारचं जोडतोंड, असेल तर त्याचा पुरेपूर उपयोग करा. मुख्य चुलीची उरलेली धग तिथे जाते. दूध, वरण, आंघोळीनंतरचं कढत पाणी तिथे आपोआप गरम राहतं. वैल रिकामा ठेवू नका, नाहीतर त्यातून धग आणि धूर दोन्ही घरात येतात. काकी तर भाताला आधण येऊन पाच-सात मिनिटं झाली की टोप उतरवून पेंढ्याच्या खोक्यात ठेवते आणि वरून गोधडी गुंडाळते. पाऊण तासाने उघडलं की भात झालेला असतो, बुडाला लागलेला नसतो.

पाणचूल आणि बंब

अनेक घरांत सगळ्यात जास्त लाकूड आंघोळीच्या पाण्यात जातं. न्हाणीतल्या पाणचुलीवर मोठा हंडा उघडा ठेवतात, आणि पाणी तापायला तास लागतो. त्यावर घट्ट बसणारं झाकण करून घ्या. लाकडी पाट चालतो. हंड्याभोवती चुलीची भिंत थोडी वर चढवली, बोटभर फट ठेवून, तर जाळ बुडाबरोबर बाजूंनाही लागतो.

तांब्याचा बंब असेल तर तो जपा. मधल्या नळीतून जाळ जातो आणि भोवती पाणी असतं, त्यामुळे थोड्याशा ढलप्यांत आणि करवंट्यांत तो तापतो. बंबाला एकच मोठी भीती: पाणी नसताना पेटवणं. सांध्यांना दिलेले डाग सुटतात आणि बंब गळायला लागतो. आधी पाणी, मग काडी. गार पाणी वरच्या नरसाळ्यातून ओतलं की गरम पाणी तोटीतून येतं, म्हणजे आतलं पाणी कधी संपत नाही.

बंब बंद न्हाणीत पेटवू नका. याचं कारण पुढच्या भागात.

निखारे: न दिसणारा धोका

जाळ विझून फक्त लाल निखारे राहिले की धूर थांबतो आणि माणूस निश्चिंत होतो. नेमका तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

थंडीत निखाऱ्याची शेगडी खोलीत नेऊन दारं-खिडक्या लावून झोपू नका. बाळंतिणीच्या खाटेखाली शेक द्यायला शेगडी ठेवायची पद्धत अजूनही पुष्कळ घरांत आहे. शेक द्यायचाच असेल तर दार आणि खिडकी दोन्ही उघडी हवीत, जागं माणूस जवळ हवं, आणि शेक झाल्यावर शेगडी लगेच बाहेर अंगणात गेली पाहिजे. बाळ आणि आई दोघंही त्या खोलीत असतात. याबाबतीत घरातल्या मोठ्यांशी वाद झाला तरी चालेल, पण दार उघडं ठेवा.

स्वयंपाक संपला की लाकडं बाहेर ओढून टोकं राखेत किंवा मातीत खुपसून विझवा. ती उद्या पेटवायला उत्तम, एकदा कोळसलेलं टोक पटकन धरतं. चुलीवर पाणी ओतू नका, मातीची चूल तडकते आणि वाफ अंगावर येते.

राख आतून दिवसभर जिवंत राहू शकते. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा आणि दोन दिवस पडवीबाहेर ठेवा. गोठ्याजवळ, पातेऱ्याजवळ, प्लास्टिकच्या बादलीत कधीच नको. गार झालेली राख चाळून भांड्याला घ्या, वाल-कुळीथ साठवताना लावा, उरलेली खताच्या खड्ड्यात पातळ पसरा.

आपली चूल मोजून बघा

हे मी सगळ्यांना करायला सांगतो, कारण याशिवाय आपण सुधारतोय की नाही कळत नाही. एक किलो सुकी, बारीक लाकडं वजन करून घ्या. टोपात दोन लिटर पाणी, झाकण. चूल गार असताना पेटवा, पाणी खळखळून उकळलं की लाकडं लगेच बाहेर काढून विझवा आणि उरलेल्यांचं वजन करा. दोन लिटर पाणी उकळायला साधारण १५० किलोकॅलरी लागतात. चूल १० टक्के धग भांड्याला देत असेल तर जवळपास ४०० ग्रॅम लाकूड जळतं, २५ टक्के देत असेल तर १६० ग्रॅम. गार चुलीला स्वतः तापायलाही लाकूड लागतं, त्यामुळे आकडा थोडा वर जाईल. निखाऱ्यांचाही हिशेब यात नाही. पण स्वतःच्याच कालच्या आकड्याशी तुलना करायला हे पुरेसं आहे. माझं पहिल्यांदा साडेसहाशे ग्रॅम लागलं होतं. जाळी बसवून, लाकडं चिरून, झाकण ठेवून दोन महिन्यांनी अडीचशेवर आलं.

धुराडं रोज वापरत असाल तर महिन्यातून एकदा साफ करा. माडाच्या हिरांचा जुना खराटा घ्या, दोरीला बांधा, खाली अर्ध्या विटेएवढा दगड अडकवा आणि टोपी काढून वरून खाली-वर करा. खाली चुलीत ओलं गोणपाट पसरा, म्हणजे काजळी घरभर उडणार नाही. नाका-तोंडाला फडकं बांधा. काजळी कोरडी, भुसभुशीत पडली तर चूल बरी चालू आहे. ती डांबरासारखी चिकट निघाली तर तुम्ही ओलं लाकूड जाळताय, आणि असा थर धुराड्यातच पेट घेऊ शकतो. मिरगाच्या आधीची सफाई तर चुकवूच नका. त्याच वेळी नळाभोवतालचं कौल हलवून बघा, फट असेल तर सिमेंटने बुजवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी नळाच्या कडेने थेट चुलीत उतरतं.